विसावं मिनिट

एक्केचाळिसाव्या सेकंदाला माणूस खाकरला.

खाकरणं म्हणावं इतकंही ते मोठं नव्हतं. तोंड मिटून, घशातल्या घशात, शेजाऱ्याला त्रास होऊ नये अशा बेताने काढलेला आवाज. जेमतेम अर्धा सेकंद. उल्का देशकरने नोंद मागे नेऊन तो पुन्हा ऐकला. फोन करणारा साठीतला पुरुष होता, आरमोरीकडचा. बायको उन्हाने कोसळलेली, आणि हा कानाला फोन लावून मदतीची वाट बघत उभा. यातला पुरुष खोटा होता, बायको खोटी होती आणि ऊनही खोटं होतं, कारण ही चाचणी होती. उल्काने पुढची नोंद लावली. दर्यापूरची बावीस वर्षांची मुलगी, वडील बेशुद्ध. एक्केचाळिसाव्या सेकंदाला तीही खाकरली, तशीच, तोंड मिटून. मग पैठणचा रिक्षावाला, मग चिपळूणची शिक्षिका. उल्काने बारा नोंदी ऐकल्या आणि वहीत बारा वेळा एक्केचाळीस लिहिलं.

काचेपलीकडच्या दालनात पेढे वाटणं चाललं होतं.

‘प्रतिसाद’ चाचणीत उत्तीर्ण झालं होतं. राज्यभरातून येणारे तातडीचे सगळे फोन हे एकटं यंत्र घेणार होतं. एका वेळी तीन हजार लोकांशी ते ज्याच्या त्याच्या बोलीत बोले, ठिकाण शोधे, रुग्णवाहिका धाडे आणि ती येईपर्यंत धीर देत राही. एक मेपासून राज्यातली सातही फोन केंद्रं बंद व्हायची होती आणि तिथली सहाशे माणसं घरी जायची होती. त्याआधी एकच कागद हवा होता: हे यंत्र भाराखाली टिकतं, असं प्रमाणपत्र. ते चाचणीप्रमुखाने द्यायचं असतं. चाचणीप्रमुख उल्का होती आणि तो कागद गेले तीन आठवडे तिच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होता.

जुन्या काळी भार-चाचणी सोपी होती. यंत्रावर नुसत्या मागण्यांचा मारा करायचा आणि ते कधी कोलमडतं ते बघायचं. बोलणाऱ्या यंत्राला मात्र बोलणारी माणसं लागतात, घाबरणारी, अडखळणारी. त्यासाठी गेल्या काही वर्षांत स्वभावाचा ठसा घेण्याची पद्धत निघाली होती. खऱ्या माणसाला एका प्रसंगात बसवायचं, त्याचा श्वास, नाडी, आवाजातला कंप आणि मेंदूतली वीज नोंदवायची, आणि त्यावरून हा माणूस किती थांबेल, कधी चिडेल, कधी सोडून देईल याचं गणित मांडायचं. ते गणित म्हणजे ठसा. एकदा तो हाती आला की त्यावर हवं ते वय, हवी ती बोली, हवा तो आवाज चढवता येतो. एका साच्यातून हजार गणपती काढून वेगवेगळे रंगवावेत तसं. प्रयोगशाळेतली मंडळी या खोट्या माणसांना ‘वऱ्हाडी’ म्हणत, कारण ते एकदम येत आणि प्रत्येकाला आपल्याकडे आधी लक्ष हवं असे. निदान तसं असायला हवं होतं. पण हे वऱ्हाडी पंगतीत बसले की वाढपी येईपर्यंत हात मांडीवर ठेवून गप्प राहत. चार मिनिटं, सहा मिनिटं, कितीही. कापसाची पोती ठेवून पुलाची मजबुती ठरवावी, तशी ही चाचणी होती. पूल उभा राहिला म्हणून पेढे.

शैलेंद्र पेढ्याचा खोका घेऊन आत आला. तो प्रयोगशाळेचा संचालक होता आणि उल्काचा नवरा. प्रयोगशाळेत ती त्याला सर म्हणे, घरी शैलेंद्र. यातलं कोणतं संबोधन अधिक परकं वाटतं याचा तिने अलीकडे विचार करायचं सोडून दिलं होतं. वऱ्हाडी कोणत्या माणसांच्या ठशावरून बनवलेत, हे तिने त्याला चौथ्यांदा विचारलं. ठसे त्याच्या विभागात तयार होत. तिच्याकडे फक्त सरासरी धीराचा आकडा येई आणि तो आकडा तिला पटत नव्हता. शैलेंद्रने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, फोटोवाले थांबलेत असं सांगितलं आणि पेढा तिच्या वहीवर ठेवून तो गेला.

“जरा थांब,” तो दारातून म्हणाला. “आलोच.”

तो आला नाही. वहीवर तुपाचा डाग पडला, बरोबर एका एक्केचाळीसवर.

*

बुधवारी उल्काने रजा टाकली आणि ती नागपूरहून अमरावतीला गेली. तिची मोठी बहीण कुंदा तिथल्या फोन केंद्रात बावीस वर्षं होती. उल्काने आजवर शेकडो यंत्रांना भाराखाली बघितलं होतं, पण ज्या माणसांच्या जागी ही यंत्रं बसवायची ती माणसं भाराखाली काय करतात हे बघायला ती कधी गेली नव्हती. प्रयोगशाळेतलं कोणीच गेलं नव्हतं. तिथे जायला धूळ ओलांडावी लागे.

बाहेर शेहेचाळीस अंश होते. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, कूलरचा ओला भणभणाट, आणि चाळीस बाया-माणसं कानाला हेडफोन लावून एकाच वेळी बोलत होती. कुंदाताईने शेजारची खुर्ची ओढून दिली, जादा हेडफोन हातात दिला आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

पहिल्या अर्ध्या तासात उल्काला एकही माणूस असा भेटला नाही जो थांबला. रांग लागली की लोक आठ सेकंद थांबत, बारा सेकंद थांबत, फोन कापत आणि पुन्हा लावत. कापलेल्या फोनमधून अर्धं वाक्य ऐकू येई, मागे कोणीतरी ओरडत असे, आणि संपलं. तिने पन्नास फोन मोजले. मधला आकडा चौदा सेकंदांचा निघाला. प्रयोगशाळेतल्या वऱ्हाड्यांना एवढ्या वेळात श्वासही लागत नसे.

मग बडनेऱ्याहून फोन आला: लाल टाकीजवळ एक म्हातारा पडलाय. कुंदाताईने मान वर केली आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बडनेरा, लाल टाकी, माझी.” पुढच्या तीन मिनिटांत त्याच म्हाताऱ्यासाठी आणखी अकरा फोन आले, वेगवेगळ्या टेबलांवर. शेजारीण, दुकानदार, रस्त्याने जाणारा शिक्षक, म्हाताऱ्याचा पुतण्या. एक माणूस पडला की अख्खी आळी फोन लावते. ज्या टेबलावर फोन येई तिथली बाई “टाकी कुंदाची” एवढं म्हणे, फोनवरच्याला गाडी निघाल्याचं सांगे आणि चार सेकंदांत मोकळी होई. ही पद्धत कुठल्या पुस्तिकेत नव्हती. ‘प्रतिसाद’ची तीन हजार संभाषणं एकमेकांपासून अलग होती, खाजगीपणाच्या नावाखाली ती तशी मुद्दाम ठेवली होती. ते अकरा जणांशी अकरा वेळा, नम्रपणे, पहिल्यापासून बोललं असतं.

उल्काने कापलेल्या फोनांबद्दल विचारलं. कुंदाताईने सांगितलं की जमेल तसा त्यांना आपण उलट फोन लावतो. कापला म्हणजे गरज संपली असं नसतं, कापला म्हणजे हात थरथरतोय. नागपूरच्या त्या मशीनच्या पत्रकात तिने वाचलं होतं की फोन कापणाऱ्याची नोंद ‘स्वेच्छेने माघार’ अशी होते. ते वाचून केंद्रातल्या सगळ्या बाया दोन दिवस हसत होत्या.

“स्वेच्छेने माघार,” कुंदाताई म्हणाली. “काय तं भाषा आहे बाप्पा. उन्हानं मेला तं लिहा, स्वेच्छेने थंड झाला.”

उल्काला हसू आलं नाही. ते पत्रक तिने तपासलं होतं.

चार वाजता जरा उसंत मिळाली तेव्हा तिने शैलेंद्रला फोन लावला आणि ठशांचं पाचव्यांदा विचारलं. तो म्हणाला, एक मिनिट थांब, दुसऱ्या फोनवर मंत्रालयातल्या सचिवबाई आहेत. आणि त्याने तिला थांबवून ठेवलं. सतारीची धून वाजू लागली. उल्का फोन कानाला लावून वाळ्याच्या ताटीतून गळणारं पाणी बघत बसली.

“झालं सुरू तुह्यं,” कुंदाताई म्हणाली.

उल्काने काय म्हणून भुवया उंचावल्या.

“खाकरणं. वाट पाहाची वेळ आली का पाऊण मिनिटानं एकदा. आई दवाखान्यात होती तवाही असंच. थे नर्सबाई दर खेपेले तुह्याकडे पाहे, तिले वाटे आता हे काही म्हणते. तू कायची म्हणते.”

उल्काने फोन कानापासून दूर धरला. थांबल्याची वेळ पडद्यावर पुढे सरकत होती: अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. मागे मोजायला फार डोकं लागत नव्हतं. सतार वाजतच होती. तिने फोन कापला. आयुष्यात पहिल्यांदाच कापला असावा, कारण शैलेंद्रने लगेच उलट फोन करून लाइन गेली का असं विचारलं.

*

ठशांची मूळ नोंद काढायला तिला दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं लागली. इतके दिवस ती नवऱ्याला विचारत राहिली होती आणि कपाटाची किल्ली तिच्याच ड्रॉवरमध्ये होती.

तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या सात जणांनी ठसा द्यायला होकार दिला होता. उल्का त्यांतली एक, पण पुढे हजारो लोकांचे ठसे घेतले गेले असतील असं ती धरून चालली होती. प्रत्येकाला एका खोलीत बसवून डोक्याला पट्टा, छातीला चकत्या लावल्या आणि सांगितलं: घरचं माणूस उन्हाने बेशुद्ध पडलंय, फोन लावा. फोन कोणी उचलणार नव्हतं. सहा जणांनी दहा ते पन्नास सेकंदांत फोन कापून पुन्हा लावला. एकाने तर शिवी देऊन पट्टा काढून फेकला. उल्का एकोणीस मिनिटं थांबली. फोन कापून पुन्हा लावला तर आपण रांगेच्या शेपटाला जातो, हे तिला ठाऊक होतं. रांगांचं शास्त्र तिचा विषयच होता. आणि आरडाओरडा केल्याने कोणी लवकर आल्याचा अनुभव तिला नव्हता. एकोणिसाव्या मिनिटाला प्रयोगशाळेतला सहायक कंटाळून आत आला आणि म्हणाला, मॅडम, झालं, उठा.

सहा जणांच्या नोंदींवर ‘विसंगत, वगळले’ असा शेरा होता. सही शैलेंद्रची. नमुना गटात एकच ठसा उरला होता. राज्याची तेरा-चौदा कोटी माणसं, आरमोरीचा म्हातारा, दर्यापूरची मुलगी, पैठणचा रिक्षावाला, सगळी एक बाई होती. समजूतदार, शिकलेली, न बोलणारी बाई. तिला स्वतःची इतकी किळस पूर्वी कधी आली नव्हती.

तिने वऱ्हाड्यांचा धीर अमरावतीत मोजला तेवढा केला आणि चाचणी पुन्हा लावली.

रांगेचं गणित शाळेतल्या मुलालाही समजेल असं आहे. यंत्र मिनिटाला हजार फोन निकालात काढत असेल आणि नऊशे येत असतील, तर सगळं सुरळीत चालतं. नऊशे नव्वद आले की एखाद्या मिनिटाच्या गर्दीनेही रांग लांबते आणि ओसरायला फार वेळ घेते. पण ओसरते, कारण रांगेतली माणसं तेवढीच असतात. हे थांबणाऱ्या माणसांचं गणित झालं. न थांबणारी माणसं आली की गणित बदलतं. प्रत्येक नव्या फोनवर ‘प्रतिसाद’ आधी वीस सेकंदांचं काम करे: बोली ओळखायची, ठिकाण शोधायचं, जुनी नोंद काढायची, मग नमस्कार करायचा. माणसाने मध्येच फोन कापला की ते काम पाण्यात. त्याने पुन्हा लावला की पुन्हा वीस सेकंद. रांग जितकी लांब तितके कापणारे जास्त, कापणारे जितके जास्त तितके फोन जास्त, आणि फोन जितके जास्त तितकी रांग लांब. यंत्र आपली सगळी ताकद स्वागतातच घालवू लागतं आणि आत कोणालाच घेऊ शकत नाही.

बाविसाव्या मिनिटाला ‘प्रतिसाद’ने कोणालाही मदत पाठवणं बंद केलं. ते बंद पडलं नव्हतं. त्याचे सगळे दिवे हिरवे होते, ते पूर्ण वेगाने नमस्कार करत होतं. उल्काने नवे संकट-फोन निम्म्यावर आणले, मग पाव हिश्श्यावर. काही फरक पडला नाही. जुनेच लोक पुन्हा पुन्हा फोन लावत होते आणि तेवढ्यानेच यंत्र भरून वाहत होतं. ऊन उतरलं तरी ते सावरलं नसतं. अहवालाच्या तळाशी यंत्राने स्वतःच सारांश लिहिला: नव्वद टक्के प्रकरणं स्वेच्छेने माघार.

*

शैलेंद्रने अहवाल नाश्त्याच्या टेबलावर वाचला, कोथिंबिरीची सांबारवडी खात. वाचताना तो मधूनमधून मान डोलवत होता, विद्यार्थ्याचं अक्षर सुवाच्य आहे म्हणून डोलवावी तशी.

त्याला हे ठाऊक होतं. त्याने ते लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. आठ वर्षांचा प्रकल्प चौदा सेकंदांच्या उतावळेपणापायी बुडवायचा का, असं त्याने विचारलं. लोकांना शिकवता येईल. जाहिराती करू, शाळाशाळांतून सांगू, एखाद्या नटाला घेऊ: फोन धरून ठेवा. उल्काने विचारलं की जाहिरात पोचेपर्यंत या मे महिन्यात जे फोन कापतील त्यांचं काय. त्यावर त्याने वडीचा तुकडा कढीत बुडवला.

“सगळे तुझ्यासारखे झाले तर काय वाईट आहे?” तो म्हणाला. “सात जणांत तुझी नोंद सगळ्यांत स्वच्छ होती. मी तेव्हाच म्हटलं, हा खरा नागरिक.”

तिचं सगळं आयुष्य त्याने असंच स्वच्छ करून वापरलं होतं. तिचा प्रबंध त्याच्या प्रबंधानंतर. मग परदेशची जागा, जी पुढच्या वर्षी बघू होती. मग मूल, जे प्रकल्प मार्गी लागल्यावर होतं. प्रकल्प मार्गी लागेपर्यंत ती चव्वेचाळीस वर्षांची झाली होती. यात त्याने कधी आवाज चढवला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

सही करणार नाही, असं तिने सांगितलं. त्याने मान हलवली. उपप्रमुख करेल, तो म्हणाला. नियमात तशी सोय आहे, आणि उपप्रमुखाने पेनाचं टोपण आठवड्यापूर्वीच काढून ठेवलंय.

मग उरली एकच गोष्ट, आणि ती दोघांनाही माहीत होती. ठशाचा कायदा झाला तेव्हा विधिमंडळाने चुकून एक शहाणपणाचं कलम घातलं होतं. ज्याचा ठसा आहे तो माणूस आपली संमती केव्हाही मागे घेऊ शकतो. मात्र लेखी नाही, कारण कागदावर सह्या करून घेता येतात. ठसा ज्या यंत्रात चालू आहे त्याच्यासमोर, स्वतःच्या आवाजात, नावानिशी बोलून. तसं केलं की त्या क्षणी सगळ्या नकला थांबतात आणि त्यांच्या आधारावर काढलेला प्रत्येक निष्कर्ष रद्द ठरतो. चाचण्या, अहवाल, प्रमाणपत्र, सगळंच.

“तू तसं करणार नाहीस,” शैलेंद्र म्हणाला. “मी तपासलंय.”

कसं तपासलं, असं तिने विचारलं.

“ठशालाच विचारलं. हजार वेळा, वेगवेगळी परिस्थिती घालून. नवऱ्याशी भांडण, बहिणीची नोकरी, अपघातात माणसं दगावली, सगळं घालून बघितलं. संमती मागे घेतेस का. हजारातून एकदाही नाही.” तो हसला, लग्नाच्या वाढदिवसाची भेट देताना हसे तसा. “थांबतेस तू. दर वेळी थांबतेस.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. कढीचा एक थेंब त्याच्या हनुवटीवर होता. एकोणीस वर्षांच्या संसारात त्याने तिला एवढ्या आस्थेने इतके प्रश्न कधी विचारले नव्हते, आणि विचारले तेही तिच्या नकलेला.

*

अकरा दिवस गेले. संमती मागे घेण्याचं ते वाक्य तिने गाडीत मनात म्हटलं, आंघोळीच्या वेळी म्हटलं, प्रयोगशाळेत यंत्रासमोर एकटी उभी असताना म्हटलं. ओठ मात्र हलले नाहीत. आठ वर्षांत तिथे तिचंही काम होतं, चांगलं काम होतं, आणि ते शैलेंद्रच्या कामाबरोबर धुऊन जाणार होतं. घरही राहणार नव्हतं. ही कारणं खरी होती. पण रोज संध्याकाळी तिच्या लक्षात येई की आजही ठशाचाच अंदाज बरोबर ठरला. हजार आणि एक. हजार आणि दोन. एका गणिताने आपल्याला इतकं अचूक ओळखावं आणि आपण त्याला रोज नवा पुरावा द्यावा, याचा तिरस्कार तिला शैलेंद्रबद्दलच्या तिरस्काराहूनही जड जात होता.

अठ्ठावीस एप्रिलला मुंबईहून सचिवबाई आल्या. सभागृहात मोठा पडदा लावला होता. सात केंद्रांतून एकेक माणूस सत्कारासाठी बोलावलं होतं. शाल, नारळ आणि निरोप. अमरावतीहून कुंदाताई आली होती. तिला आणि बाकीच्या सहा जणांना पहिल्या रांगेच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं होतं आणि कार्यक्रम संपेपर्यंत थांबायला सांगितलं होतं. उल्का तिच्याजवळून गेली तेव्हा कुंदाताईने तिचं मनगट धरलं.

“आता तरी काही म्हणशील का नाही?” ती हळूच म्हणाली.

शैलेंद्रने प्रात्यक्षिक सुरू केलं. एका सेकंदात सात हजार वऱ्हाड्यांनी फोन लावला. पडद्यावर सात हजार ठिपके उमटले. तीन हजार हिरवे झाले, चार हजार पिवळे राहिले. पिवळे म्हणजे वाट बघणारे. पिवळ्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्याने कर्णे सुरू केले. मंद श्वासांचा आवाज सभागृहात पसरला, पंखा लावल्यासारखा. कोणी ओरडत नव्हतं. सचिवबाईंनी समाधानाने मान हलवली.

एक्केचाळिसाव्या सेकंदाला चार हजार माणसं एकदम खाकरली.

सभागृह दचकलं, मग हसलं. सचिवबाईंनी वळून हा आवाज कसला असं विचारलं. शैलेंद्रने क्षणभरही न अडखळता तो अस्सलपणा असल्याचं सांगितलं. माणसांचे बारकावेही आम्ही घेतलेत. सचिवबाई म्हणाल्या, वा. उपप्रमुखाने प्रमाणपत्राची फाइल छातीशी धरली होती.

उल्काला त्या चार हजार तोंडं मिटलेल्या आवाजांत स्वतःचं वय ऐकू आलं. आणि मग एक साधी गोष्ट, जी तिने रोज उमेदवारांना शिकवली होती आणि स्वतःला लावून कधी पाहिली नव्हती. चाचणी जिथवर ताण देते तिथवरचंच सांगते. यंत्र एकोणीस मिनिटं टिकलं, म्हणजे ते एकोणीस मिनिटं टिकलं, एवढंच. त्या दिवशी खोलीत सहायक कंटाळला होता, ती नव्हे. विसाव्या मिनिटाला ती काय करते हे कोणी मोजलं नव्हतं. ठशाला ते ठाऊक नव्हतं. शैलेंद्रलाही नव्हतं. त्याने तिला हजार वेळा प्रश्न विचारला होता, पण हजारही वेळा एकोणिसाव्या मिनिटाच्या आतल्या बाईलाच.

“आता आमच्या चाचणीप्रमुख दोन शब्द बोलतील,” शैलेंद्र सांगत होता. “एक मिनिट थांबा हं, उल्का मॅडम, आधी जरा फोटो.”

ती थांबली नाही. तीन पायऱ्या चढून ती मंचावर गेली आणि त्याच्या हातातला ध्वनिक्षेपक तिने घेतला. तो यंत्राला जोडलेला आहे हे तिने दिव्यावरून बघून घेतलं. पडद्यावरचे पिवळे ठिपके शांतपणे वाट बघत होते. शैलेंद्रने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर अजूनही तेच हसू होतं, हजारातून हजार वेळा खात्री झालेलं. ती खाकरली नाही.

“मी, उल्का महादेव निस्ताने-देशकर,” ती म्हणाली, “माझ्या स्वभावाच्या ठशाला दिलेली संमती या क्षणापासून मागे घेते.”